फिरत्या जनुकांच्या मागावर

फ्रान्सचा राजा पंधरावा लुई याच्या अमदानीत, व्हर्सायच्या राजवाड्याशी संलग्न असलेल्या उद्यानांत ऑंत्वान निकोला द्युशेन नावाचा एक कोवळा तरुण स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांमध्ये आपले दिवस घालवीत असे. त्याचा पिता राजाच्या इमारतींच्या कारभारावर नेमलेला अधिकारी असल्यामुळे उद्यानांचे दरवाजे त्याला मोकळे होते, आणि बेर्नार द ज्युसिय यांच्यासारख्या थोर वनस्पतिशास्त्रज्ञाचे मार्गदर्शनही त्याला लाभले होते. 1764 साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्याने चिली देशातील स्ट्रॉबेरीच्या मादी-रोपांवर दुसऱ्या एका जातीचा पराग घालून आलेली टपोरी फळे राजास नजर केली, तेव्हा संतुष्ट झालेल्या राजाने युरोपातील यच्चयावत स्ट्रॉबेरी-जातींचा संग्रह करण्याची परवानगी त्याला दिली. परंतु त्या दरबारी गौरवाहून शास्त्राच्या दृष्टीने अधिक मोलाची अशी एक गोष्ट त्याच्या वाफ्यात त्याआधीच घडून गेली होती. रानातील साध्या स्ट्रॉबेरीच्या बियांपासून उगवलेल्या रोपांमध्ये एक रोप असे निघाले की ज्याच्या देठावर नेहमीच्या तीन पर्णिकांऐवजी एकच पर्णिका होती, आणि हा विपरीत गुण त्याच्या संततीतही उतरत गेला. जाती जुन्या जातींतून निपजू शकतात, हा विचार त्या काळी उच्चारणेही धाडसाचे होते. 1766 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या स्ट्रॉबेरीच्या इतिहासात द्युशेनने तो उच्चारला आणि स्ट्रॉबेरीच्या जातींची वंशावळही रेखाटून दाखविली.

तीन पर्णिकांची एक कशाने झाली, हे मात्र त्याला सांगता येणे शक्य नव्हते. वनस्पतीच्या अंतर्यामी कोठेतरी काहीतरी बिघडले, एवढेच त्या पानावरून दिसत होते. बिघाडाचे स्थळ दाखविणारी एकही खूण त्या रोपावर नव्हती. ही खूण कशी सापडली, ती प्रथम कोणत्या पिकात सापडली, आणि अडीचशे वर्षांनी ती पुन्हा त्याच रानस्ट्रॉबेरीच्या पेशींत बुद्धिपुरस्सर कशी सोडण्यात आली, त्याचा हा वृत्तांत आहे.

आपण आज बाजारात जी स्ट्रॉबेरी विकत घेतो ती द्युशेनची रानस्ट्रॉबेरी नव्हे. आमेदे फ्रांस्वा फ्रेझिए नावाच्या फ्रेंच लष्करी अभियंत्याला दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील स्पॅनिश तटबंदीची टेहळणी करण्याच्या कामगिरीवर पाठविण्यात आले होते. 1714 साली मायदेशी परतताना त्याने चिलीमधील मोठ्या फळांच्या स्ट्रॉबेरीची रोपे बरोबर घेतली, आणि गोड्या पाण्याची टंचाई असलेल्या त्या प्रदीर्घ सागरी प्रवासात त्यांतील अवघी पाच जगून मार्सेय बंदरास लागली. ही रोपे मादी होती. त्यामुळे फ्रान्समध्ये ती पुष्कळ काळ वांझच राहिली. पुढे ब्रिटनी प्रांतात उत्तर अमेरिकेच्या व्हर्जिनियाकडून आलेल्या दुसऱ्या जातीच्या शेजारी ती लागली, वाऱ्याने आणि मधमाश्यांनी दोहोंचा संकर केला, आणि ज्या दोन जाती आपल्या मायभूमीत हजारो मैलांच्या अंतराने एकमेकींपासून दूर राहिल्या होत्या त्यांच्यापासून युरोपच्या बागेत एक तिसरीच जात जन्माला आली. आपली आजची लागवडीची स्ट्रॉबेरी ती हीच.

या संकराने फळ मोठे केले, तसा शास्त्रज्ञांचा मार्ग कठीण करून ठेवला. 1920 नंतरच्या दशकात स्ट्रॉबेरीची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली मोजली गेली, तेव्हा रानस्ट्रॉबेरीत ती 14, म्हणजे सातांचे दोन संच, आणि लागवडीच्या स्ट्रॉबेरीत 56, म्हणजे सातांचे तब्बल आठ संच आढळले. एकाच कामावर आठ कारकून नेमलेल्या कचेरीत एखादा गैरहजर राहिला तरी कामाचा खोळंबा होत नाही, आणि म्हणून त्या गैरहजर कारकुनाकडे नेमके कोणते काम होते हे कोणाच्या ध्यानातही येत नाही, तशी या अष्टगुणित वनस्पतीची स्थिती आहे. जनुकाचे कार्य ओळखण्याचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे ते जनुक निकामी करून वनस्पतीत काय उणे पडते ते पाहणे; पण जिथे प्रत्येक जनुकाच्या अनेक प्रती परस्परांची उणीव भरून काढतात तिथे हा उपाय बहुधा कुंठित होतो.

शिवाय जनुक मोडणे आणि मोडलेले जनुक हुडकून काढणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. 1927 सालापासून क्ष-किरणांच्या माऱ्याने आनुवंशिक गुणांत बदल घडविण्याची विद्या शास्त्रज्ञांच्या हाती आली, नंतर रासायनिक द्रव्येही त्या कामी वापरली जाऊ लागली. परंतु हे दोन्ही मार्ग घाव घालून नामानिराळे होणारे होते. कोट्यवधी अक्षरांच्या त्या आनुवंशिक दप्तरात एखाददुसरे अक्षर बदलले गेले, तर ते कोणत्या पानावर, याचा पत्ता लावण्यात संशोधकाच्या आयुष्याची उमेदीची वर्षे खर्ची पडत. घाव घालणारे शस्त्र घावातच रुतून राहील, आणि त्या शस्त्रावरून घावाचे ठिकाण शोधता येईल, अशी काही सोय निसर्गातच असेल अशी कल्पना त्या वेळी कोणी केलेली नव्हती.

ती सोय बार्बरा मॅक्लिंटॉक या अमेरिकन विदुषीला मक्याच्या कणसात सापडली. 1902 साली जन्मलेल्या आणि कॉर्नेल विद्यापीठात 1927 साली डॉक्टरेट मिळविलेल्या या बाईंनी तरुण वयातच मक्याच्या गुणसूत्रांच्या अभ्यासात असा लौकिक संपादन केला होता की 1944 मध्ये त्यांची अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवड झाली. तो मान मिळविणाऱ्या त्या तिसऱ्याच स्त्री होत. न्यूयॉर्कजवळील कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे कार्नेगी संस्थेच्या आश्रयाने त्या काम करीत, आणि मका पेरण्यापासून परागसिंचन करून कणसांवर पिशव्या बांधण्यापर्यंतची सारी कामे स्वतः करीत. नवव्या क्रमांकाच्या गुणसूत्राचे तुकडे पडत असलेली मक्याची रोपे वाढवून त्यांच्या संततीचे निरीक्षण करीत असताना, 1944-45 च्या सुमारास, त्यांना काही रोपांच्या पानांवर परस्परांस लागून असलेले असे जुळे पट्टे दिसले की ज्यांतील एकात रंगबदलाचे प्रमाण भोवतालच्या पानापेक्षा वाढले होते आणि शेजारच्यात ते त्याच मानाने घटले होते. एका पेशीचे विभाजन होताना एका कन्येने जे गमावले ते दुसरीने मिळविले असले पाहिजे, असा त्यांनी निष्कर्ष काढला, आणि पुढची काही वर्षे त्या एका निष्कर्षाच्या पाठपुराव्यात घालविली.

मक्याच्या ज्या दाण्यांवर त्यांचे सिद्धान्त उभे राहिले त्यांतील एक दाणा डोळ्यांसमोर आणावा. दाण्याचा पृष्ठभाग फिकट, जवळजवळ रंगहीन आहे, आणि त्यावर जांभळे ठिपके विखुरलेले आहेत; काही मोठे, काही टाचणीच्या टोकाएवढे. दाण्याला जांभळा रंग देणाऱ्या जनुकात एक परका घटक शिरून बसल्यामुळे ते जनुक मुके झाले, म्हणून दाणा फिकट. पण दाणा वाढत असता एखाद्या पेशीतून तो परका घटक निघून गेला की जनुक पुन्हा बोलू लागते, आणि त्या पेशीपासून झालेल्या सर्व पेशी जांभळ्या होतात. घटक लवकर निघून गेला तर ठिपका मोठा, उशिरा गेला तर लहान. शिरणाऱ्या या घटकाला त्यांनी ‘डीएस’ असे संक्षिप्त नाव दिले, आणि ज्याच्या उपस्थितीवाचून डीएस जागचा हालत नाही त्या दुसऱ्या घटकाला ‘एसी’. एसी स्वतःही फिरता असतो, आणि स्वतः फिरण्याचे व डीएसला फिरविण्याचे असे दोन्ही अधिकार त्याच्याकडे असतात. डीएसला मात्र एसीच्या हुकुमाची वाट पाहावी लागते. केवळ दाण्यांचे रंग, कणसांची वंशावळ आणि सूक्ष्मदर्शकातील गुणसूत्रे एवढ्या सामग्रीवर, डीएनएची रचनाही अद्याप ज्ञात नसताना, ही संपूर्ण व्यवस्था त्यांनी तर्काने उलगडली. मानवी बुद्धीच्या या पराक्रमाला विसाव्या शतकातील जीवशास्त्रात फार थोड्या जोडी सापडतील, असे मला वाटते.

1950 साली त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला आणि 1951 च्या कोल्ड स्प्रिंग हार्बर परिषदेत त्यांनी तो विषय विस्ताराने मांडला. जनुके गुणसूत्रावर आपापल्या जागी स्थिर असतात अशी त्या काळच्या शास्त्राची दृढ धारणा होती, आणि बाईंची मांडणी अतिशय गुंतागुंतीची होती. श्रोत्यांपैकी फारच थोड्यांना ती पचनी पडली. 1953 नंतर त्यांनी आपले निष्कर्ष प्रतिष्ठित नियतकालिकांकडे धाडणे बहुतांशी थांबविले आणि कार्नेगी संस्थेच्या वार्षिक अहवालांत ते नोंदवून ठेवण्यावर समाधान मानले. 1960 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात जीवाणूंमध्येही असेच फिरते घटक आढळले, तेव्हा जुन्या नोंदींकडे विद्वानांचे लक्ष वळले, आणि 1983 साली, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी, वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक, कोणाही भागीदारावाचून, मॅक्लिंटॉकबाईंना देण्यात आले.

त्याच वर्षी त्यांच्या सिद्धान्ताला शस्त्राचे रूप येण्यास आरंभ झाला. नीना फेडोरॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एसी व डीएस हे घटक मक्याच्या डीएनएतून वेगळे काढून दाखविले. एसी हा सुमारे साडेचार हजार अक्षरांचा एक तुकडा निघाला. त्यात एक प्रथिन तयार करण्याची आज्ञा असते, आणि ते प्रथिन घटकाची दोन्ही टोके ओळखून त्यास मूळ जागेतून उचलते व अन्यत्र बसविते. डीएसला तशी टोके असतात, पण प्रथिनाची आज्ञा खंडित झालेली असते. घटकाची अक्षरे माहीत झाल्याबरोबर त्याचा माग काढणे शक्य झाले. ज्या रोपात घटक शिरून एखादा गुण बिघडला असेल, त्या रोपाच्या डीएनएत घटक कोठे आहे ते हुडकावे आणि त्याच्या दोहों बाजूंची अक्षरे वाचावीत, म्हणजे बिघडलेल्या जनुकाचा पत्ता हाती येतो. 1984 साली फेडोरॉफ यांनी याच रीतीने, बिघडल्यास मक्याच्या दाण्याला ब्राँझसारखी छटा आणणाऱ्या जनुकाचा ठाव लावला. घाव, आणि घावात रुतलेले शस्त्र, या दोन्ही गोष्टी आता एकत्र हाती आल्या होत्या.

यापुढील प्रश्न असा होता की मक्याचे हे घटक परक्या वनस्पतीत वागतील कसे. जमिनीतील अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जीवाणूच्या ठायी वनस्पतीच्या पेशीत स्वतःचा डीएनए घुसविण्याची उपजत शक्ती आहे, आणि तिचा उपयोग करून हव्या त्या जनुकाची वनस्पतीत स्थापना करण्याची कला 1983 पर्यंत साध्य झालेली होती. 1986 साली बार्बरा बेकर, जेफ शेल, फेडोरॉफ आदींनी या मार्गाने मक्याचा एसी तंबाखूत सोडला आणि तो तेथेही फिरतो असे सिद्ध केले. मका हे गवताच्या कुळातले, तंबाखू वांग्या-बटाट्याच्या. एवढा कुळभेद असूनही घटक आपला धर्म सोडीत नाही, हे कळताच अनेक प्रयोगशाळांत मोहिमा सुरू झाल्या. 1994 साली तंबाखूतील विषाणुरोधक जनुक आणि टोमॅटोतील बुरशीरोधक जनुक, अशी रोगप्रतिकाराची दोन महत्त्वाची जनुके याच युक्तीने पकडण्यात आली. त्याआधी, 1990 साली, इंग्लंडमध्ये असे उघडकीस आले होते की मेंडेलच्या सुप्रसिद्ध सुरकुतलेल्या वाटाण्याची सुरकुतीसुद्धा स्टार्च घडविणाऱ्या एका जनुकात अशाच फिरत्या घटकासारखा तुकडा शिरल्यामुळे पडते. आनुवंशिकतेच्या शास्त्राचा पाया ज्या दाण्यांवर रचला गेला, त्यांतही हा प्रवासी आधीच मुक्कामाला येऊन बसला होता.

स्ट्रॉबेरीपर्यंत ही विद्या पोहोचण्यास बराच विलंब लागला, आणि त्याचे कारण वर सांगितलेले आठ संच. गुलाब, सफरचंद, नासपती, पीच, बदाम, रासबेरी ही सारी स्ट्रॉबेरीचीच कुटुंबीय मंडळी. परंतु वृक्षाला फळ धरण्यास वर्षानुवर्षे लागतात, आणि पिढ्यांमागून पिढ्या पाहिल्यावाचून जनुकांचा तपास होत नाही. अशा स्थितीत या सबंध कुळाची प्रतिनिधी म्हणून निवडण्याजोगी वनस्पती एकच होती, आणि ती म्हणजे द्युशेनच्या वाफ्यातील इवलीशी रानस्ट्रॉबेरी. तिची गुणसूत्रे चौदाच, डीएनए सुमारे 24 कोटी अक्षरांचा म्हणजे वनस्पतींच्या मानाने आटोपशीर, बियांपासूनही वाढते आणि धावत्या फुटव्यांपासूनही. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या संस्थेत व्लादिमिर शुलाएव, रिचर्ड व्हेलो आणि त्यांचे सहकारी यांनी 2006 साली तिच्या पेशींत परके जनुक बसविण्याची अशी पद्धत प्रसिद्ध केली की जिच्यामुळे हे काम मोठ्या प्रमाणावर करण्याजोगे झाले.

या पद्धतीचा तपशील पाहण्यासारखा आहे. बी रुजल्यापासून सहा-सात आठवड्यांच्या रोपाचे नुकतेच उलगडलेले कोवळे पान घ्यावयाचे, त्याचे तुकडे करून अ‍ॅग्रोबॅक्टेरियमच्या सहवासात ठेवावयाचे, आणि मग हायग्रोमायसिन हे प्रतिजैविक लिटरला चार मिलिग्रॅम या प्रमाणात मिसळलेल्या पोषक माध्यमावर ठेवावयाचे. ज्या पेशींत नवे जनुक बसले नसेल त्या या औषधाने मरतात, आणि बसलेल्या पेशींपासून प्रथम आकारहीन गाठ व पुढे तिच्यातून हिरवा कोंब निघतो. रानस्ट्रॉबेरीचे चौदा वाण त्यांनी तपासले, आणि ‘हवाई 4’ या नावाने ओळखला जाणारा फिकट फळांचा वाण सर्वांत अनुकूल ठरला. काचघरात त्याचे जीवनचक्र चौदा-पंधरा आठवड्यांत पुरे होते, म्हणजे सफरचंदाच्या झाडाला जेथे पहिले फूल येण्यास वर्षे मोजावी लागतात तेथे या रोपाच्या तीन पिढ्या एका वर्षात पाहून होतात.

प्रारंभी या मंडळींनी अ‍ॅग्रोबॅक्टेरियमने घुसविलेला तुकडाच खुणेसाठी वापरला. त्यात अडचण अशी की तो तुकडा एकदा बसला की हलत नाही. प्रत्येक नव्या घावासाठी पुन्हा पान कापा, पुन्हा माध्यम तयार करा, पुन्हा महिनोन्‌महिने कोंबाची प्रतीक्षा करा. फिरता घटक एकदा रोपात रुजू झाला की पुढचे काम तो स्वतः करतो, आणि मोजक्या आरंभीच्या रोपांपासून नवनव्या जागी घटक बसलेली संतती मिळू शकते. आणखी एक लाभ पुराव्याचा: घटक जनुकातून नीट निघून गेला आणि गमावलेला गुण परत आला, तर दोष त्याच जनुकाचा होता याबद्दल संशयास जागा उरत नाही.

पण घटकाच्या शेजारची अक्षरे वाचून ती ताडून पाहावयाची कशाशी? त्यासाठी रानस्ट्रॉबेरीचा संपूर्ण आनुवंशिक लेख हाताशी असणे अवश्य होते. शुलाएव, केव्हिन फोल्टा आदी अनेक देशांच्या संशोधकांनी तो वाचून काढला आणि 2011 च्या आरंभी ‘नेचर जेनेटिक्स’ या नियतकालिकात छापला. त्यात सुमारे 35 हजार जनुकांचा अंदाज बांधण्यात आला. याच ‘हवाई 4’ वाणाचा तो लेख असल्यामुळे काचघरातील रोप आणि छापील लेख यांचा अक्षरशः मेळ बसला.

2014 साली व्हेलो यांच्या गटाने रानस्ट्रॉबेरीत एसी-डीएसचा प्रयोग प्रसिद्ध केला, आणि त्यात एक कल्पक फरक केला. जनुक मोडण्याऐवजी ते अधिक जोराने कामास लावणारा डीएस त्यांनी वापरला. फुलकोबीच्या एका विषाणूपासून घेतलेले, शेजारच्या जनुकास चेतविणारे अंश त्यात जोडलेले होते. असा डीएस जिथे जाऊन बसेल तिथले जनुक प्रमाणाबाहेर बोलू लागते, आणि त्याच्या अतिरेकावरून त्याच्या कार्याचा सुगावा लागतो. आठ संचांच्या कोड्याला हे उत्तर मला मोठे मार्मिक वाटते. कारण मोडलेल्या प्रतीची उणीव इतर प्रती भरून काढतात खऱ्या, पण एखादी प्रत गर्जना करू लागली तर इतरांच्या मौनाने ती झाकली जात नाही. स्ट्रॉबेरीत हा घटक मूळ स्थानापासून दूरदूर, सर्व गुणसूत्रांवर पसरला, तर त्याच प्रयोगातील बटाट्यात तो आपल्या जागेच्या आसपासच घुटमळत राहिला. रानस्ट्रॉबेरीचे एक खुजे, आटोपशीर रोप त्यांना मिळाले, आणि तपासाअंती डीएसलगतचे जनुकच त्यात वाजवीपेक्षा जास्त कार्यरत असल्याचे आढळले. द्युशेनला आपल्या एकपर्णी रोपाबद्दल जे सांगता आले नाही, ते या खुज्या रोपाबद्दल सांगता आले.

या कामाला जे मोठे स्वरूप येईल अशी अपेक्षा होती ते पुरते आले नाही, कारण काळाने एक दुसरेच साधन पुढे आणले. 2018 च्या सुमारास क्रिस्पर या नावाने प्रसिद्ध असलेल्या तंत्राने रानस्ट्रॉबेरीत, आणि लागोपाठ अष्टगुणित लागवडीच्या स्ट्रॉबेरीतही, ठरवून निवडलेले जनुक बदलण्यात यश आले. आता एकाच वेळी जनुकाच्या अनेक प्रतींवर नेम धरता येऊ लागला. तथापि क्रिस्परला आधी जनुकाचे नाव सांगावे लागते, आणि फिरता घटक ज्याची कोणाला शंकाही नाही अशा जनुकापर्यंत नेऊन पोहोचवितो. म्हणून क्रिस्पर फिरत्या घटकाची जागा पूर्णपणे घेईल असे मला वाटत नाही.

दरम्यान निसर्गाने स्वतः केलेले असेच प्रयोग उजेडात येत गेले. 2012 साली असे दिसून आले की वर्षभर फुलणाऱ्या गुलाबाच्या फुलण्याला लगाम घालणाऱ्या जनुकात एक फिरता घटक शिरलेला आहे, आणि बारमाही फळणाऱ्या रानस्ट्रॉबेरीत त्याच जनुकाची दोन अक्षरे गळालेली आहेत. 2020 साली लागवडीच्या स्ट्रॉबेरीच्या रंगाचा तपास झाला, तेव्हा फळाच्या गाभ्यापर्यंत पोहोचणाऱ्या लालीचा संबंध रंगनियंत्रक जनुकाच्या तोंडाशी बसलेल्या एका फिरत्या घटकाशी जोडला गेला.

महाबळेश्वर-पाचगणीच्या पठारावर देशातील बहुतांश स्ट्रॉबेरी पिकते, आणि 2010 साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले; परंतु तेथील शेतकऱ्यांचे वाण परदेशी पैदासकारांचे आहेत, आणि मातृरोपे अद्यापही बाहेरून आणावी लागतात. हिमालयाच्या उतारांवर मात्र नुबिकोला आणि डाल्टोनियाना या दोन द्विगुणित रानस्ट्रॉबेरी, चौदाच गुणसूत्रांच्या, आपोआप वाढत आहेत. आपल्या कृषी विद्यापीठांनी त्यांची रोपे प्रयोगशाळेत आणावीत, त्यांचे संग्रह जतन करावेत, आणि वर वर्णिलेल्या साधनांनी त्यांच्या जनुकांचा तपास करण्यास तरुण संशोधकांना पैसा व अवधी द्यावा, एवढीच या लेखाच्या निमित्ताने विनंती आहे.